डावं-उजवं न ठरलेल्या जोड्या

भटू, तू चुकला नव्हतास. एवढं आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं मला निवांत लिहिता येईल. तू गेल्यापासून छातीवर जो धोंडा बसला होता तो काल तुझ्या गावी, रनाळ्याला जाऊन उतरवून आलो. परत येताना गाडीवरच मला रडू फुटलं, आणि ते तुझ्या जाण्याचं पहिलं खरं रडू होतं. तोवर मी नुसता घाबरलेला होतो. वाटेत वाळत घातलेल्या मिरचीच्या पथाऱ्या पडल्या होत्या, त्यामुळे डोळे पुसताना कुणी पाहिलं असलं तरी त्याचा दोष मिरचीवर गेला असेल.

कॉलेजच्या अंकासाठी तुझ्यावर लिहा म्हणून मला सांगितलंय. तुझा जन्म, तुझ्या पदव्या, तुझे सत्कार हे सगळं शोकसभेत सांगून झालंय. प्राचार्यांनी तुला 'खान्देशचं भूषण' म्हटलं तेव्हा मी खाली मान घातली, कारण तू शेजारी असतास तर मला कोपरानं ढोसून हसवलं असतंस. मी त्यातलं काही इथे उगाळणार नाही. मला फक्त आपलं अर्धवट राहिलेलं भांडण पुरं करायचंय.

किडन्यांनी दगा दिला म्हणून तुला पुण्याची लॅब सोडून घरी यावं लागलं. दुसरा कुणी असता तर खाटेवर पडून राहिला असता. तू लॅबच्या प्रमुख मॅडमना पटवलंस की प्रयोगाचा चुंबक पुण्यात असला तरी त्यातून निघालेली माहिती रनाळ्याच्या ओट्यावर बसूनही वाचता येते. वर मलाही त्यात ओढलंस. मी नंदुरबारच्या कॉलेजात पोरांना रसायनशास्त्र शिकवणारा, अकरावीपासून तुझ्या बाकावर बसलेला, शिंप्याचा मुलगा. "एकलाले कटाळा येस रे सल्या, तू बठ ना संगे," एवढंच म्हणालास, आणि मी बसलो तो बसलोच. डायलिसिसच्या दिवशी तू नंदुरबारला यायचास. एका हाताला सुया, दुसऱ्या हाताखाली लॅपटॉप, आणि कॉलेज सुटल्यावर तुझ्या खाटेशेजारी स्टूल ओढून मी. तिथली नर्स म्हणायची, "सर, आता तरी डोळे मिटा." तू म्हणायचास, "मिटसू ना बहिन, ही जोडी बसू दे." तिला वाटायचं तू कुणाचं लग्न जमवतोयस.

त्या जोड्यांचं प्रकरण मी तुझ्या बायकोला, वहिनींना, जसं समजावलं तसं इथेही लिहितो, नाहीतर वाचणारा इथेच पान उलटेल. प्रथिनाचा रेणू म्हणजे घडी घालून ठेवलेली लांब माळ. मोठ्या चुंबकात ठेवून तिला छेडलं की तिच्यातला एकेक हायड्रोजन आपापला सूर देतो आणि त्याचे ठिपके पडद्यावर उमटतात. कुठला ठिपका कुठल्या अणूचा हे ठरवायचं, मग कोण कोणाच्या शेजारी बसलंय ते बघायचं, आणि त्यावरून माळेची घडी कशी पडलीय ते काढायचं, हे तुझं काम. या माळेत व्हॅलिन आणि ल्युसिन नावाचे मणी असतात. त्यांच्या टोकाला दोन सारखे फाटे असतात. ठिपके दोन दिसतात, पण डाव्या फाट्याचा कोणता आणि उजव्याचा कोणता हे ते ठिपके सांगत नाहीत. कधीकधी वेगळा नमुना बनवून, वेगळा प्रयोग करून ते कळतं. तसं कळलं तर त्यांना 'एक' आणि 'दोन' अशी पक्की नावं द्यायची. नाही कळलं तर 'एक्स' आणि 'वाय' लिहायचं. म्हणजे ही जोडी आहे, पण यातला कोण कुठला हे आम्हाला माहीत नाही.

आणि इथेच आपलं वाजायचं. तुझ्या कामात 'एक्स-वाय' इतके, की मला चीड यायची. मी म्हणायचो, "आरे, तात्पुरतं नाव दे ना! कच्चा टाका घाल. मंग उसवी टाकजो." आमच्या दुकानात अब्बा कुठलीही बाही आधी कच्च्या टाक्यानं जोडतात, गिऱ्हाईक अंगावर घालून बघतं, मग पक्की शिलाई. काम पुढे तरी सरकतं. तुला ते अजिबात पटायचं नाही.

"सल्या, बजारमाथून बैलनी नवी जोडी आनी," तू म्हणायचास, "दोन्ही सारखा धवळा. डावा कोनता, उजवा कोनता? जूले लावाशिवाय समजस का? आनि तू उगाच एकना गयामा डावाना घुंगरू बांधी दिधा, तं दुसरा दिन घरना समदा त्यालेच डावा म्हनतीन. कोनी इचारावं नही का बांधं कोनी."

"मंग मानूस इसरस कसा, बांधणाराच सांगी ना."

"बांधणारा मरी गया तं?"

हे तू हसत म्हणाला होतास. मला राग आला आणि मी चहा आणायला खाली निघून गेलो. भांडण तिथेच राहिलं.

मग तो ल्युसिनचा दिवस आला. रेणूच्या मधोमध एक खळगा आहे, औषधाचा कण जिथे जाऊन बसतो तो. मॅडमचा सगळा जीव त्या खळग्यात. त्याच्या काठावरच्या एका ल्युसिनचे दोन्ही फाटे तू कधीच ठरवून टाकले होतेस, पक्के 'एक' आणि 'दोन'. त्या दिवशी खाटेवर पडल्यापडल्या तू ते पुसलंस आणि त्या जागी 'एक्स-वाय' लिहिलंस. मी म्हटलं, "हे काय करी ऱ्हायना तू? हाऊ तं पक्का व्हता." तू डोळे मिटून म्हणालास, "व्हता. आते नही शे." बस. कारण विचारलं तर उत्तर नाही. त्याच आठवड्यात एकदा डायलिसिस चुकलं होतं, आणि तू मला तुझ्या वडिलांच्या नावानं हाक मारून विचारलं होतंस की बैलांना पाणी दाखवलं का. तुझे वडील जाऊन किती वर्षं झाली! तेव्हापासून माझ्या मनात पाल चुकचुकायला लागली. तुझं डोकं आता साथ सोडतंय, बसवलेलं उसवतोयस, असं मला वाटलं. मी ते कुणाला बोललो नाही.

थंडी पडायला लागली आणि तू गेलास. अंगणात बायका जमल्या, आणि तुझ्या मोठ्या काकू वहिनींच्या कपाळाकडे हात घेऊन आल्या. वहिनी इतकंच म्हणाल्या, "त्यास्नी माले सांगेल शे. टिकली काढजो नको, असं सांगेल शे." मला ठाऊक होतं तू ते खरंच सांगितलंस. शेवटच्या पंधरवड्यात, माझ्यादेखत. काकू वाईट नाहीत रे, त्याही रडत होत्या. पण त्या म्हणाल्या, "आजारमा बडबडना तो. त्यानं डोकं कोठे ठिकानवर व्हतं, बेटी?" आणि टिकली निघाली. वहिनींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी उंबऱ्याबाहेर उभा. तुझं डोकं ठिकाणावर होतं असं छातीठोक सांगणारा कुणी त्या अंगणात असेल तर तो मीच, आणि माझ्या मनात तो ल्युसिन घोळत होता.

मग मॅडमचा फोन आला. लॅबनं जुनं सॉफ्टवेअर बंद केलं होतं. तुझं सगळं काम नव्यात हलवलं, रेणूची घडी काढायला लावली, तर खळग्याच्या आसपास सगळा ताण. जे दोन अणू शेजारी असायला हवेत ते लांब, जे लांब ते एकमेकांच्या अंगावर. पडदा नुसता लाल. मॅडम फार सांभाळून बोलल्या. "सलीम सर, शेवटच्या महिन्यांत त्यांची तब्येत कशी होती हे आपल्या दोघांना माहीत आहे. त्यांना दोष द्यायचा नाहीये. पण तो भाग बाजूला ठेवून आम्ही नव्यानं करून घेतो. त्यांचं नाव आभारात राहीलच."

आभारात! दोन सुयांमध्ये टाइप करत तू जे केलंस ते बाजूला, आणि नाव आभारात. पण खरं सांगतो, मला त्या क्षणी नावाचं काही वाटलं नाही. मला वाटलं, म्हणजे माझी भीती खरी होती. आणि काकूंचंही खरं होतं. मी फक्त म्हणालो, "मॅडम, मला एकदा बघू द्या." त्यांनी फाइल पाठवली.

ती मी दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये उघडली. व्हॅलिन बघितला, 'एक' आणि 'दोन'. पुढचा ल्युसिन, 'एक' आणि 'दोन'. त्याच्या पुढचा, पुन्हा तेच. वरपासून खालपर्यंत गेलो आणि मला इतक्या जोरात हसू आलं की भूगोलाचे सर चमकून बघायला लागले. एकही 'एक्स' नाही, एकही 'वाय' नाही! भटू, तुझ्या फाइलीत एकही 'माहीत नाही' नाही? मग ती तुझी फाइल कशी असेल? ज्या माणसानं मला वर्षभर या एका गोष्टीवरून छळलं, त्याला सगळ्या जोड्यांची डावी-उजवी बाजू ठाऊक होती म्हणे!

लॅबमध्ये ज्या मुलीनं तुझं काम नव्यात हलवलं होतं तिला फोन लावला. बिचारी लगेच म्हणाली, "सर, नवं सॉफ्टवेअर 'एक्स-वाय' घेतच नव्हतं. असा अणू ओळखत नाही म्हणून इशाऱ्यांचा नुसता पाऊस. म्हणून मी 'एक्स'ला 'एक' केलं आणि 'वाय'ला 'दोन'. मग सगळं सुरळीत चढलं." मी तिच्यावर चिडलो नाही. मी चिडलो नाही यावर तुझा विश्वास बसणार नाही, पण बसव. तिनं काही लपवलं नव्हतं. कुणीतरी एकाच्या गळ्यात घुंगरू बांधलं होतं, आणि बांधलं कुणी हे पुढच्या सॉफ्टवेअरनं विचारलं नाही. त्यानं ती सगळी नावं पक्की धरली आणि त्या नावांना खरं करायला तुझा रेणू पिरगळून टाकला.

तुझा लॅपटॉप आणायला रनाळ्याला गेलो. वहिनींनी तो तुझ्या जुन्या पंच्यात गुंडाळून कपाटात ठेवला होता. "चालू शे, आठोडामा एकदा चार्जिंगले लावस मी," म्हणाल्या. जुना प्रोजेक्ट उघडला आणि तुझे सगळे 'एक्स-वाय' जागच्या जागी भेटले. अगदी शेवटच्या दिवसांत केलेलं कामही तसंच, नीट, विचार करून. ज्या दिवशी तू मला बैलांना पाणी दाखवायला सांगितलंस, त्याच्या आगेमागेही एक जोडी उगाच ठरवलेली सापडली नाही.

नव्यात हलवायचं काम मी स्वतः केलं, आणि पहिल्याच झटक्यात आपटलो. उत्साहाच्या भरात सगळ्याच जोड्या 'माहीत नाही' करून टाकल्या. लाल रंग गेला, पण घडी ढिली पडली, मापाच्या बाहेर शिवलेल्या सदऱ्यासारखी. मग लक्षात आलं, की त्या वेगळ्या नमुन्यावरून तू ज्या थोड्या जोड्या खात्रीनं ठरवल्या होत्यास, त्यांचीही खात्री मी पुसली होती. तुझं माहीत नसलेलं वाचवताना माहीत असलेलं सांडलं. पुन्हा बसलो. पक्क्या त्या पक्क्या ठेवल्या. बाकीच्यांना नव्या सॉफ्टवेअरच्या भाषेत 'जोडी, बाजू ठरलेली नाही' अशी खूण दिली, आणि दोन्ही बाजूंनी बसवून बघायची मोकळीक दिली. फाट्याचा कार्बन आणि त्याचे हायड्रोजन एकत्रच वळले पाहिजेत, नाहीतर एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडावर, हेही सांभाळलं. हे तू मला शिकवलेलं, आणि तेव्हा मी जांभई दिली होती.

घडी निघाली. ताण गेला. खळगा असा स्वच्छ उघडला की मी खुर्चीतून उठून उगाच एक फेरी मारून आलो. मग तो ल्युसिन बघितला. प्रोग्रामनं त्याला मोकळेपणी बसवलं होतं, आणि एकाच माहितीवरून तो पुन्हापुन्हा घडी काढतो, त्यातल्या जितक्या चांगल्या निघाल्या त्या सगळ्यांत तो एकाच बाजूनं बसला होता. तू पहिल्यांदा ठरवलेल्या बाजूच्या बरोबर उलट.

म्हणजे ते पक्कं नाव चूक होतं, भटू. आणि डोळे मिटून पडल्यापडल्या, अंगातलं रक्त यंत्रातून फिरत असताना, तुला ते जाणवलं होतं. खरी बाजू कोणती हे तुला कळलं नव्हतं, पण आपल्याला ती कळलेली नाही हे कळलं होतं. शेवटपर्यंत तुला एवढं नेमकं कळत होतं, की आपल्याला काय कळत नाही. यापेक्षा ठिकाणावर डोकं आणखी कसं असतं, मला तरी माहीत नाही.

मॅडमना सगळं पाठवलं. त्यांनी स्वतः पुन्हा करून पाहिलं आणि फोन केला. मग म्हणाल्या, "त्यांचं काम जसं आहे तसं जाईल. नाव पहिलं." त्या मुलीनंही पुढच्यांसाठी हलवायचा प्रोग्राम सुधारला. आता 'एक्स-वाय' दिसलं की तो अडत नाही, तशीच खूण पुढे नेतो.

आता आपलं भांडण. तू जिंकलास असं समजू नकोस. कच्चा टाका घालण्यात चूक नाहीच. पण अब्बा काळ्या कापडाला कच्चा टाका पांढऱ्या दोऱ्यानं घालतात, म्हणजे कुणाच्याही हाती गेलं तरी हा उसवायचा आहे हे दिसतं. त्या फाइलीत काळ्यावर काळा दोरा पडला, एवढंच झालं. पांढऱ्या दोऱ्याचं हे उत्तर मला त्या दिवशी चहा आणायला गेलो तेव्हा जिन्यात सुचलं होतं. वर आलो तर तू झोपला होतास, म्हणून नंतर सांगू म्हटलं. सांगायचं राहिलं ते आज सांगतोय. यावर तुझ्याकडे काहीतरी तिरकस उत्तर असणार, आणि ते मला आयुष्यभर ऐकू येणार नाही, याचं फार वाईट वाटतं रे. रेणूच्या टोकाशी एक व्हॅलिन अजून दोन्ही बाजूंनी सारखाच बसतो. तो मी 'एक्स-वाय'च ठेवलाय. कुणी विचारलं तर सांगीन, माहीत नाही.

काल हे सगळं सांगायला रनाळ्याला गेलो. वहिनी ओट्यावर तूर निवडत होत्या, काकू शेजारी बसल्या होत्या. मी बैलजोडी, घुंगरू, ल्युसिन सगळं सांगितलं. काकू म्हणाल्या, "बैल उलटी बाजूले लावा तं काम करसच नही, हाई तं खरं." वहिनींनी मात्र सूप खाली ठेवलं.

"सलीमभाऊ, एक इचारू? म्हनजे त्यास्नं डोकं शेवटलगुन ठिकानवर व्हतं?"

"व्हतं, वहिनी. मन्हापेक्षा जास्त व्हतं."

"मंग जे बोलनात ते त्येच बोलनात. आजार नही बोलना."

"त्योच बोलना," मी म्हटलं. या खेपेला मी ओट्यावर होतो आणि मोठ्यानं बोललो. काकूंनी ऐकलं. पदर डोळ्याला लावून त्या तूर निवडायला लागल्या.

"चहा ठेवस," म्हणून वहिनी आत गेल्या. तुझ्या घरचा चहा मला ठाऊक आहे. तुला साखर बंद झाल्यापासून त्यांनी सगळ्या घराचीच बंद केली होती, आणि तो फिका चहा पिताना मी तुला किती वेळा शिव्या घातल्या. वेळ लागला जरा. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर टिकली होती. काकूंनी वर पाहिलं आणि सरकून त्यांना बसायला जागा दिली. मी कप तोंडाला लावला. चहात साखर होती.